घोड्याचा डॉक्टर रात्री शोधायचा नसतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मन जड झालं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या सदलग्याच्या बाजूचं गाव, रात्री दहाला घोडीच्या पोटात शूळ उठला. पहिल्या डॉक्टरांनी फोन उचलला नाही, दुसरे म्हणाले, ‘घोड्याला मी कधी हात लावलेला नाही’, तिसरे सकाळी येतो म्हणाले. तोवर गल्लीतल्या जाणत्यांनी बाटलीनं तेल पाजलं, घोडीला वर-खाली पळवलं, आणि चारच्या सुमाराला ती गेली. आता अकलूजच्या बाजारातून पाच वर्षांची नवी घोडी आणलीय आणि तुम्ही विचारताय : ‘रात्री-अपरात्री घोड्याचा डॉक्टर कुठं मिळेल? नंबर द्या. चिकोडी-बेळगावकडं बघू की कोल्हापूर-मिरजेकडं?’

मी चिकोडी-निपाणी पट्ट्यात 24 वर्षं जनावरांची खासगी डॉक्टरकी करतोय. त्यात गाई-म्हशी जास्त, शर्यतीची घोडी बरीच, शिवाय धनगरांची तट्टं आणि वरातीची घोडी. नंबर देणं सोपं आहे, पण नुसत्या नंबरानं तुमची पहिली घोडी वाचली असती असं मला वाटत नाही. तुमच्याकडं तीन नंबर होतेच. त्या तिघांनीही तुमची घोडी आधी कधी पाहिलेली नव्हती, आणि ज्या दोघांनी फोन उचलला त्यांनाही तुम्ही ‘लोळतीय, लवकर या’ याच्या पलीकडं काही सांगू शकला नाहीत. खरी अडचण मला तिथं दिसते. तुमचं गाव कुठल्या रस्त्यावर आहे, जवळच्या दवाखान्यात आज कोण आहे, महिना कुठला आहे, यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळं सगळ्यांना लागू पडेल असा एक उपाय माझ्याकडं नाही. मी काय करतो आणि का करतो, ते सांगतो.

आधी ‘घोड्याला हात लावलेला नाही’ या वाक्याबद्दल. राग येणं साहजिक आहे, पण ते डॉक्टर खरं बोलले. 2019 च्या पशुगणनेत देशात गाय-बैल 19 कोटींच्या वर होते आणि घोडी-तट्टं मिळून जेमतेम 3 लाख 40 हजार. 2012 च्या गणनेत हाच आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास होता, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मी घोडी कमी झाली. कॉलेजात घोडा अभ्यासाला असतो, पण नोकरी लागल्यावर डॉक्टरच्या हाताखालून हजार गाई जातात तेव्हा कुठं एखादं घोडं येतं. आपल्या भागात मात्र घोडं अजून टिकून आहे. माउलींच्या पालखीचे अश्व दरवर्षी आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, आळंदीला चालत जातात. गावोगावच्या यात्रांत घोडागाड्या पळतात. घोडी आहेत आणि ती बघणारे हात थोडे आहेत, ही आपली परिस्थिती आहे.

गाईची सवय घोड्याला कशी नडते, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यातलं माझं तिसरं वर्ष होतं. एका गाडीवानाची घोडी संध्याकाळी आठला व्याली, शिंगरू उत्तम होतं. रात्री अकराला त्याचा फोन आला, ‘डॉक्टर, वार पडली नाही.’ वार म्हणजे पिल्लामागून पडणारं गर्भाचं आवरण. गाईची वार रात्रभर अडकली तरी आपण फारसे घाबरत नाही. त्याच हिशेबानं मी म्हणालो, ‘सकाळी बघू.’ घोडीला तीन तासांत वार पडायलाच हवी, त्यापुढं ती आणीबाणी असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण हाताला सवय गाईची होती. सकाळी नऊला पोचलो तर घोडीला ताप होता. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन्ही खूर गरम लागले, आणि ती अंग मागं टाकून, पुढचे पाय लांब ठेवून उभी राहिली. गर्भाशयातलं विष रक्तात भिनलं की घोड्याच्या खुरांच्या आत अशी सूज येते. घोडी जगली, शिंगरू वाढवलं, पण पुन्हा गाडीला जुंपता आली नाही. त्या माणसानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचं मला अजून जास्त लागतं. तेव्हापासून घोड्याचा फोन आला की मी घड्याळ बघतो आणि विचारतो, ‘सुरू किती वाजता झालं?’

तुम्हीही पहिली गोष्ट हीच शिका. घोड्याचं दुखणं तासांच्या हिशेबात चालतं. विताना घोडी जोर करायला लागली की साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. शिंगरू एका तासात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं आणि तीन तासांत वार पडावी. शूळ उठला तर पहिले चार-पाच तास आपले असतात. त्यानंतर आतड्याला पीळ पडलेला असेल तर तो भाग मरायला लागतो. घोड्याला ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत वायू आणि पाणी साचलं तरी वर येत नाही, शेवटी जठर फुटतं. नाकातून नळी घालून ते रिकामं करावं लागतं, आणि ते काम डॉक्टरचंच आहे.

आता रोजच्या सवयीबद्दल, कारण माझा सगळा भर तिच्यावर आहे. घोडी धडधाकट असताना तिचे आकडे तुम्हाला पाठ हवेत. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून एक नस जाते. तिथं दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. उभ्या असलेल्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. श्वास 8 ते 16. माणसांचं साधं डिजिटल थर्मामीटर दोरा बांधून गुदद्वारात धरलं की ताप कळतो, 99.5 ते 101.5 फॅरनहाइट हे ठीक. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मग भकाळीला, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेला, कान लावा. दोन्ही बाजूंना गुडगुड ऐकू येते. ही गुडगुड एकदा ओळखीची झाली की ती बंद पडलेली तुम्हाला अंधारातही कळेल. आठवडाभर रोज हे केलंत तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि घोडीलाही हात लावून घ्यायची सवय लागते.

शूळ अचानक लोळण्यानं सुरू होतो असं लोक समजतात. माझ्या अनुभवात त्याच्या आधी एखादा तास खुणा दिसत असतात. घोडं चंदी, म्हणजे दाणा, सोडतं, पुढच्या पायानं माती उकरतं, वळून कुशीकडं बघतं, वरचा ओठ मुडपतं, लघवीसारखं उभं राहतं पण करत नाही. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात वाडं भरपूर असतं आणि उन्हाळ्यात नुसता वाळला कडबा. वैरण बदलली, पाणी कमी पडलं, किंवा शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दाणा एकदम वाढवला की शूळ येणारच असं धरून चाला. लीद कमी झाली, लहान आणि कोरडी पडायला लागली, तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवा. संध्याकाळी सहाला डॉक्टर फोन उचलतात, रात्री दोनला उचलतील याची खात्री नाही.

मग फोन. मी दोन्ही टोकांना राहिलोय, म्हणून सांगतो : ‘घोडं लय तळमळतंय’ असं ऐकलं की घोड्याची फार सवय नसलेला डॉक्टर आतून घाबरतो आणि टाळतो. त्याला आकडे दिलेत तर तो विचार करायला लागतो. असं बोला : ‘डॉक्टर, घोडी पाच वर्षांची, अंदाजे साडेतीनशे किलोची, गाभण नाही. रात्री साडेनऊला उकरायला लागली. नाडी 56, ताप 100, हिरड्या गुलाबी. शेवटची लीद संध्याकाळी सहाला. काही पाजलेलं नाही. गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येऊ का?’ शेवटचं वाक्य विसरू नका. रात्री एकट्यानं मोटारसायकलवर अनोळखी गावात जायला कुठलाही माणूस कचरतो. मला न्यायला गाडी आली तेव्हा मी बहुतेकदा गेलोय. नाडी 60 च्या वर जाऊन तशीच राहिली तर वाट बघण्यात अर्थ नाही. 80 च्या वर गेली आणि हिरड्या लाल-जांभळ्या व्हायला लागल्या तर जीव धोक्यात आहे, तेही तसंच स्पष्ट सांगा.

डॉक्टर कर्नाटकच्या दुसऱ्या टोकाकडून बदलून आलेले असतील तर मराठी कळायला त्यांना वेळ लागतो. त्यांच्या भाषेतले चार शब्द आपण शिकलो तर काय बिघडतं? घोडा म्हणजे कुदुरे, पोटदुखी म्हणजे होट्टे नोवु, पाणी म्हणजे नीरु. आणि आपली लीद त्यांच्याकडं लद्दी आहे, तो शब्द तर लगेच लक्षात राहतो. ‘कुदुरे, होट्टे नोवु’ एवढं कानावर पडलं की समोरचा माणूस सावरून बसतो, हे मी कितीदा पाहिलंय.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या पहिल्या घोडीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती बाटलीची. तोंड वर करून तेल पाजलं की त्यातलं थोडं तरी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. शूळातून उठलेली आणि चार दिवसांनी फुफ्फुसाच्या सुजेनं गेलेली घोडी मी पाहिलीत. मालकाला वाटतं, दुसराच आजार आला. पाजणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांनी बैलाला असंच वाचवलेलं असतं. तरीही यापुढं तुमच्या दावणीला कुणी बाटली आणली तर हात जोडून परत पाठवा. समोरची वैरण आणि दाणा काढून घ्या. घोडी फिरत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा. तासन्‌तास पळवून पीळ सुटत नाही, उलट ज्या अंगातल्या पाण्यावर ती लढणार आहे ते घामावाटे निघून जातं. शांत पडून राहत असेल तर पडू द्या. धाडधाड लोळत असेल तर भिंतीपासून दूर, मऊ मातीत न्या आणि स्वतः तिच्या पायांच्या टप्प्यात येऊ नका.

औषधाच्या दुकानातून वेदनेचं इंजेक्शन आणून टोचणं हा दुसरा घात. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली त्या कारणानं. पण चालतं ते औषधसुद्धा आधी देऊ नका. दुखणं झाकलं जातं, घोडं दोन तास शांत दिसतं, आपण झोपायला जातो आणि आत आतडं काळं पडत असतं. ते डॉक्टरांनी नाडी बघून, शिरेतून द्यायचं. दिल्यानंतर काही तासांतच वेदना परत आली तर ते औषध कमी पडल्याचं लक्षण समजू नका, दुखणं मोठं असल्याचं समजा.

आणखी एक प्रसंग इथंच सांगतो, कारण त्यात माणसाचा जीव जातो. घोड्याच्या नाकातोंडातून लाळ आणि चारा येत असेल तर बहुतेकदा घशाखाली अन्ननलिकेत घास अडकलेला असतो. वैरण-पाणी काढून घ्या, मान खाली राहू द्या, डॉक्टरांना बोलवा. पण घशात काय अडकलंय बघायला तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या घोड्यालाही गिळता येत नाही आणि तेही असंच दिसतं. गावात कुत्रं पिसाळलं असेल, घोड्याला चावलं असेल, तर घोड्याची जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी त्याच्या लसीसाठी डॉक्टरांना बोलवा.

आता पेटीबद्दल. ग्रामीण दवाखान्यात डॉक्टर असतात, मन लावून काम करतात, पण घोड्याच्या मापाची लांब नळी कपाटात असेलच असं नाही. सलाईनचंही तसंच. साडेतीनशे किलोच्या घोड्याच्या अंगातलं पाणी शूळात वजनाच्या पाच टक्क्यांइतकं कमी झालं तर ती तूट साडेसतरा लिटरची होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 35 बाटल्या. रात्री एका दवाखान्यात एवढ्या बाटल्या कुठून येणार? माझ्या ओळखीच्या एका गावात सहा घोडेवाल्यांनी मिळून एक पत्र्याची पेटी केलीय. तिच्यात नाकातून घालायची घोड्याची नळी, पंप, द्रव पॅराफिन (नळीतून पोटात सोडायचं तेल), पाच लिटरच्या सलाईनच्या पिशव्या आणि मोठ्या सुया, कापसाचे गठ्ठे, रुंद पट्ट्या, थर्मामीटर, दोन चांगल्या बॅटऱ्या असतात. यादी तिथल्या डॉक्टरांनीच करून दिली आणि पेटी उघडतातही तेच. मालकांनी नळीला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी पक्का ठेवलाय, कारण चुकून ती श्वासनळीत गेली आणि तेल ओतलं की घोडं जागेवर संपतं. सहा घरांत वाटून खर्च फार आला नाही. त्या पेटीमुळं आणखी एक फरक पडला. जे डॉक्टर पूर्वी ‘घोडा नको’ म्हणायचे ते आता येतात, कारण लागणारं सामान तिथं आहे हे त्यांना माहीत असतं.

डॉक्टर कुणाला ठरवायचं? तुमच्या नालबंदाला विचारा. तो दर पाच-सहा आठवड्यांनी दहा गावांतल्या पागा फिरतो. कुठल्या डॉक्टरांचा हात घोड्याला न बिचकता लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. वरातीची घोडी ठेवणाऱ्यांना आणि शर्यतवाल्यांना विचारा. दोन नावं मिळाली की दिवसा, काही दुखत नसताना, रीतसर फी देऊन त्यांना घरी बोलवा. दात बघू द्या, वजनाचा अंदाज घेऊ द्या, नाडी मोजू द्या. रात्रीची फी किती हे त्याच वेळी मोकळेपणानं ठरवा, त्यात संकोच नको. जो माणूस तुमच्या अंगणात चहा पिऊन गेलाय, ज्यानं घोडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवलाय, तो रात्री फोन उचलतो. माझंही तसंच आहे. ओळखीच्या घोड्याचं नाव ऐकलं की मी उठून बसतो.

कर्नाटक की महाराष्ट्र, याचं उत्तर : दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. पहिल्या तासाची मदत ही पंधरा-वीस किलोमीटरच्या आतलीच हवी, मग ती चिकोडी तालुक्यातली असो की नदीपलीकडच्या शिरोळ तालुक्यातली. सरकारी डॉक्टरांना हद्द असते, त्यामुळं पलीकडच्या सरकारी दवाखान्यातून रात्री कुणी इकडं येईल अशी अपेक्षा ठेवू नका. खासगीतल्यांशी आधी बोलून ठेवता येतं. 1962 हा जनावरांच्या फिरत्या पथकाचा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. फोन लागला की आधी राज्य, जिल्हा आणि तालुका सांगा, कारण आपल्या गावांत मोबाईल कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. त्या पथकाचा दिवसा चांगला उपयोग होतो. रात्री दोनला ते दारात उभं राहील हे गृहीत धरून बसू नका, पण फोन करायला चुकूही नका.

मोठ्या उपचाराचं अंतर मात्र खरोखरच मोठं आहे. साताऱ्यातल्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गदगला आहे, मुंबईत परळचं 1886 पासूनचं आहे, बेंगळुरूला हेब्बाळला आहे. निपाणीहून शिरवळ म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. आतड्याचा पीळ पोट उघडून सोडवायचा तर पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूच्या वाटेला लागावं लागतं. माझ्या एवढ्या वर्षांत आपल्या भागातलं एकही घोडं पीळ पडल्यावर तिथं वेळेत पोचलेलं मी पाहिलेलं नाही. मोडलेलं हाड, डोळ्याची जखम, सांध्याजवळची खोल जखम, आठ-दहा दिवस रेंगाळणारं दुखणं यांच्यासाठी ही ठिकाणं नक्की उपयोगी पडतात. तिथं फोन करून, मगच निघा.

न्यायचं म्हटलं की गाडी. शूळ उठलेल्या, घाबरलेल्या घोड्याला आयुष्यात पहिल्यांदा पिकअपमध्ये चढवायला गेलात तर एक तास जातो आणि कुणाचा तरी पाय मोडतो. अकलूजहून ती गाडीतूनच आली असेल, पण ती आठवण चांगली असेल असं नाही. दोन-तीन रविवार काढा. बांधाला गाडी लावून तळ जमिनीला समांतर करा, आत कडब्याचा थर आणि थोडी माती टाका, तिची चंदी गाडीतच द्या, उतरवा. पुढच्या खेपेला गावाबाहेर चक्कर मारून आणा. चालकाचा नंबर आणि त्याच्या भावाचाही नंबर भिंतीवर लिहा. सीमा ओलांडताना अडवलं जाऊ नये म्हणून डॉक्टरांची ‘उपचारासाठी नेत आहे’ अशी चिठ्ठी आणि घोडीचा दोन्ही बाजूंचा फोटो जवळ ठेवा. प्रवासाला तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो धडधाकट घोड्यासाठी आधी काढून घेता येतो. आजारी घोड्याला चिठ्ठीच कामाची.

आणि पावसाळा वेगळा धरा. जुलै-ऑगस्टमध्ये मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, यडूर-कल्लोळ असे बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा नकाशावर आठ किलोमीटरवर असलेला डॉक्टर चाळीस किलोमीटरवर जातो. 2019 आणि 2021 ला तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं होतं. तुमचं गाव दूधगंगेच्या काठचं. म्हणून नदीच्या अलीकडचा एक डॉक्टर आणि पलीकडचा एक, अशी दोन नावं मी आग्रहानं सांगतोय. पाणी चढायला लागलं की पेटी भरलेली आहे ना बघा, आणि गाभण घोडी असेल तर तिला आधीच उंचावरच्या पाहुण्यांकडं हलवा.

एक कठीण गोष्ट बोलायला हवी. काही रात्री डॉक्टर वेळेवर येतात, नळी घालतात, सगळं करतात, तरी पीळ सुटत नाही. नाडी शंभराच्या घरात जाते, अंग थंड पडतं, घोडं आपलंच अंग आपटत राहतं. अशा वेळी त्याला इंजेक्शन देऊन शांत करणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानतो, आणि कायद्यातही असह्य वेदनेतल्या जनावरासाठी तशी वाट आहे. पण पहाटे तीनला, बायका-पोरं रडत असताना, हा निर्णय घेणं फार जड जातं. घरात आधीच ठरवून ठेवा की हा शब्द कोण देणार. मला एका म्हाताऱ्या गाडीवानानं घोडं विकत घेतलं त्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, ‘तुम्ही हात टेकलात की मला विचारू नका, त्याला तळमळू देऊ नका.’ सात वर्षांनी ती वेळ आली, तेव्हा तो घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मला विचारावं लागलं नाही.

तर एवढं झालं : आकडे पाठ, बाटली बंद, पेटी तयार, नदीच्या दोन्ही अंगांना एकेक ओळखीचा डॉक्टर, चढायची सवय झालेली घोडी. राहिलं ते या नव्या घोडीचं.

तुम्ही लिहिलंय की ती येऊन पंधरा दिवस झाले आणि कुठलीही लस टोचल्याचा कागद मिळालेला नाही. मग धनुर्वाताची लस झालेली नाही असंच समजा. सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वात घोड्याला सगळ्यात लवकर पकडतो. नाल मारताना घुसलेला एक खिळा पुरतो, आणि एकदा कान ताठ झाले, डोळ्यातला पडदा वर आला, पाय लाकडासारखे झाले की वाचवणं फार अवघड होतं. याच आठवड्यात पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, पुढं दरवर्षी एक. बाजारातून आलेली आहे म्हणून ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची तपासणी झालीय का हेही विकणाऱ्याला विचारा. कागद नसेल तर डॉक्टरांना रक्ताचा नमुना घ्यायला सांगा, आणि तोवर तिची बादली आणि खराऱ्याचा ब्रश शेजारच्या घोड्यांना वापरू नका. नाकातून चिकट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर लगेच कळवा. तो आजार माणसालाही होतो आणि तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

लसीसाठी डॉक्टर येतील तीच तुमची पहिली ओळखीची भेट. त्यांच्यासमोर नाडी मोजा, चुकत असेल तर ते बोट धरून जागा दाखवतील. त्यानंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ नाडी, श्वास आणि ताप वहीत लिहा, आणि ते पान मला पाठवा. नाडी शांत उभी असताना 44 च्या वर येत असेल तर पान पूर्ण व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा.